ध्यानाला बसायला वेळच मिळत नाही, कामं करता करता ध्यान जमतं का?

जमतं. तुम्ही लिहिलंय की ऑफिस, लोकल, लहान मूल, दहा मिनिटंही शांत बसता येत नाही, माझंही अगदी तसंच होतं. मी इगतपुरीला धम्मगिरीत १० दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, तिथे पहिले ३ दिवस नुसता नाकाशी श्वास बघायचा, आणि घरी गेल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं सांगतात. दोनेक महिने केलं, मग सासूबाई आजारी पडल्या आणि जे सुटलं ते सुटलंच, फार वाईट वाटायचं.

मग एकदा संध्याकाळी लाइट गेलेली, मोबाइलही बंद पडलेला, मी खिडकीत मेथी निवडत बसले होते. पान खुडताना देठ नखाखाली कट्‌कन तुटतो ना, बोटं हिरवी होतात, तो कडवट वास, सगळं नीट जाणवायला लागलं, मधेच मन घराच्या हप्त्याकडे गेलं, ते कळलं, परत पुढची काडी हातात घेतली. जुडी संपली तेव्हा लक्षात आलं अरे शिबिरात हेच तर करत होतो, फक्त श्वासाच्या जागी मेथी.

म्हणून सांगते, दिवसभर सजग राहायचं वगैरे ठरवू नका, ते होत नाही. रोजचं एकच काम धरा, भाजी, भांडी, कपड्यांच्या घड्या काहीही, पण कानात गाणी नकोत, माझ्या मते त्याने सगळंच वाया जातं. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली ताण कमी करण्यासाठी ध्यानाचा जो कोर्स सुरू केला त्यातसुद्धा एक मनुका सावकाश खायला लावतात, आणि आपली जनाबाई तर दळता दळता नाम घ्यायची, तुम्ही नाम घेत असाल तर तेही चालेल.

लोकलमध्ये उभं राहावं लागलं तर तळपायांकडे लक्ष द्या, डोळे उघडेच ठेवून. गाडीच्या दिशेने तोंड असेल तर सुटताना वजन टाचांवर येतं, ब्रेक लागला की बोटांवर, दोन स्टेशनं एवढंच बघा. हां, झोपच उडाली असेल किंवा सारखं धडधडत असेल तर डॉक्टरांनाही दाखवा.

आणि मूल मधेच हाक मारणारच, तेव्हा चिडू नका, भाजी बाजूला ठेवून त्याच्याकडे नीट बघा, ते काय सांगतंय ते पूर्ण ऐका, मग परत भाजी घ्या.