फक्त मुलीचीच साक्ष आहे, मेडिकलमध्ये जखम नाही. पोक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालची, केस टिकते का?

टिकू शकते. मुलीची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तेवढ्यावरही शिक्षा होते. जखम नाही म्हणून गुन्हाच नाही, असं कोर्ट धरत नाही. साक्षीआधी न्यायाधीश साधं विचारून बघतात: शाळा कोणती, खरं-खोटं कळतं का. कोणी पढवून आणलंय का, हेही तपासतात. पोक्सोच्या कलम २९ चं गृहीतक (आरोपीने गुन्हा केलाय असं कोर्टाने धरून चालणं) आरोपीविरुद्ध असलं, तरी मूळ घटना आधी सरकारी पक्षालाच दाखवावी लागते. हे बरेच जण विसरतात. वयाचा पुरावा पक्का ठेवा, शाळेचा किंवा महापालिकेचा जन्मदाखला. आणि मुंबई हायकोर्टाच्या आपल्या नागपूर खंडपीठाचा जानेवारी २०२१ चा, कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सोखाली लैंगिक हल्ला नाही असं म्हणणारा निकाल कोणी दाखवलाच, तर सुप्रीम कोर्टाने तो त्याच वर्षी नोव्हेंबरात रद्द केलाय. स्पर्शामागचा लैंगिक हेतू महत्त्वाचा, मधे कापड होतं की नव्हतं हे नाही.