रीफर बंदरात, मीटर चालू

परदेशातून मासळी मागवणाऱ्यांचे प्रश्न आणि एका क्लिअरिंग एजंटची उत्तरं. (रीफर म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर.)

आमचा क्लिअरिंग एजंट (सीमाशुल्कातून माल सोडवून देणारा) दर खेपेला ‘तपासणी लांबली’ एवढंच सांगतो. खरं काय ते आम्हाला कसं कळणार? (वाशीतील आयातदार)

कारण विचारू नका, तारखा विचारा. बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्क विभागाकडे द्यायचं आयातीचं विवरणपत्र) कधी भरली? अन्न प्राधिकरणाची (एफएसएसएआय) फी कधी गेली? तपासणीची अपॉइंटमेंट कधीची घेतली? नमुना कधी काढला? बिलाचा क्रमांक हातात असेल तर माल कुठे अडलाय ते आइसगेटवर (सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर) तुम्हालाच दिसेल. २०१७च्या आयात नियमावलीप्रमाणे प्रयोगशाळेने नमुना मिळाल्यापासून ५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यामुळे दहा-बारा दिवस गेले असतील, तर उरलेले दिवस कुठे मुरले ते शोधा. माझा अनुभव सांगतो (मीही याच धंद्यातला, तेव्हा घरचाच अहेर समजा): बरेच दिवस एखादा कागद शोधण्यात, नाहीतर फी भरायची राहिली म्हणून गेलेले असतात.

व्हिएतनामहून आलेला बासा मासळीचा कंटेनर न्हावा शेव्याजवळच्या सीएफएसमध्ये (कंटेनर ठेवायच्या बंदराबाहेरच्या तळावर) ९ दिवस उभा आहे. नमुना गेलाय, अहवाल नाही. रोजचा खर्च बघून झोप उडाली आहे. (भिवंडीतील कोल्ड स्टोरेज मालक)

आधी खर्च वेगळे करा. कंटेनर वेळेत परत दिला नाही म्हणून शिपिंग लाइन लावते ते डिटेन्शन. सीएफएसचं ग्राउंड रेंट (जागेचं भाडं) निराळं आणि वीजजोडणीचे प्लग-इन चार्जेस त्याहून निराळे. सगळ्याला सरसकट ‘डेमरेज’ म्हणत बसलात, तर कोणाशी भांडायचं तेच कळत नाही.

सगळ्यात जास्त टोचतं ते डिटेन्शन, आणि ते थांबवायचा रस्ता आहे. सीमाशुल्क कायद्याच्या कलम ४९खाली, माल वाजवी वेळेत सुटत नसेल तर तो परवानाधारक सार्वजनिक गोदामात ठेवण्याची परवानगी मागता येते. मुदत ३० दिवसांची, पुढे वाढवूनही मिळते. असं उणे १८ अंशांचं गोदाम मिळालं, तर माल तिथे उतरवून रिकामा कंटेनर लाइनला परत करा. डिटेन्शनचा मीटर तिथेच बंद. गोदामाचं भाडं आणि हमालीचा हिशेब मात्र आधी मांडा. दोन दिवसांत अहवाल येणार असेल तर या उलाढालीत अर्थ नाही. माल हलवला म्हणजे सुटला असंही नाही. अन्न प्राधिकरणाची एनओसी (ना-हरकत) येईपर्यंत त्यातलं एक खोकंही विकायचं नाही.

पुढच्या खेपेला दोन गोष्टी करा. बुकिंग करतानाच रीफरसाठी जास्त फ्री डेज (डिटेन्शन न लागणारे दिवस) मागून घ्या; माल बंदरात आल्यावर लाइनपुढे हात जोडून फारसं काही मिळत नाही. आणि बिल ऑफ एंट्री आगाऊ भरा. जहाज लागण्याच्या ३० दिवस आधीपासून ती भरता येते. उशीर झाला तर पहिले ३ दिवस रोज ५,००० आणि नंतर रोज १०,००० रुपये दंड बसतो, तो वेगळाच.

सॅनिटरी इम्पोर्ट परमिटची (मासळी आयातीच्या आरोग्यविषयक परवान्याची) तारीखही बघा. माल तिकडून निघण्याआधी परवाना हातात हवा. माझ्याच एका फाइलवर परवाना बिल ऑफ लेडिंगनंतर (माल जहाजावर चढल्याच्या पावतीनंतर) दोन दिवसांनी निघालेला होता. त्या दोन दिवसांनी आमचे तीन आठवडे खाल्ले.

नॉर्वेचा ताजा सामन (सॅमन मासा) सहारला विमानाने येतो. नाशवंत माल म्हणून अहवालाआधी सोडत नाहीत का? (अंधेरीतील हॉटेलचे खरेदी व्यवस्थापक)

सोडतात, पण ती सवलत ७ दिवसांपेक्षा कमी टिकणाऱ्या मालाला आहे. त्यात नमुना काढून तात्पुरती एनओसी देतात आणि अहवाल वाईट आला तर माल बाजारातून परत बोलवायची जबाबदारी तुमची. तुमच्या पेटीवर १४ दिवसांची मुदत छापली असेल तर तुम्ही त्यात बसत नाही.

शिवाय दुसरा काटा आहे. आयात होताना मालाचं एकूण आयुष्याच्या ६० टक्के किंवा ३ महिने, यांतलं जे कमी असेल तेवढं आयुष्य शिल्लक लागतं. दोन वर्षं टिकणाऱ्या गोठवलेल्या मालाला ३ महिने पुरतात. १४ दिवसांच्या सामनला मात्र जवळजवळ साडेआठ दिवस हवेत. म्हणजे पॅकिंगपासून तुमच्या हातात जेमतेम साडेपाच दिवस, त्यात विमानप्रवासही आला. तेव्हा पुरवठादाराला भाव विचारण्याआधी पॅकिंगचा वार विचारा.

खोक्यांवर आमचं नाव-पत्ता नाही. माल परत जाणार का? (मशीद बंदर)

नाही. आयातदाराचं नाव-पत्ता, अन्न प्राधिकरणाचा लोगो नि परवाना क्रमांक, मांसाहाराची खूण एवढं बॉन्डेड जागेत (सीमाशुल्काच्या ताब्यातल्या गोदामात) स्टिकर लावून दुरुस्त करता येतं. उत्पादनाची तारीख किंवा बॅच नंबर नसेल तर स्टिकरने भागत नाही.

बांगड्याचा नमुना हिस्टामिनमध्ये (मासळीत तयार होणारा अपायकारक घटक) नापास झाला. आपले लोक तर बांगडा रोज खातात! पुन्हा तपासून घेता येईल का? (तळोजा)

येईल. नमुना काढताना त्याचे दोन भाग करतात. मुदतीत अपील केलंत तर दुसरा भाग रेफरल प्रयोगशाळेत जातो. तिचा निकाल अखेरचा.

पण अपील करण्याआधी कंटेनरच्या तापमानाची नोंद मागवा. बांगडा, टुना यांसारखी मासळी पकडल्यावर किंवा वाटेत गरम राहिली की जिवाणू त्यात हिस्टामिन तयार करतात. ते शिजवून जात नाही, पुन्हा गोठवूनही जात नाही. नोंदीत तापमान वर चढलेलं दिसलं तर अपिलाच्या भरीला पडू नका. ती नोंद विमा कंपनीकडे आणि शिपिंग लाइनकडे दाव्यासाठी पाठवा, आणि माल परत पाठवायचा की नष्ट करायचा ते लगेच ठरवा. तोवर प्लग-इन चालूच असतं.