भंडारा जिल्ह्यातून समुद्र बघायला जायचं आहे. ओहोटीत समुद्रतळावर चालून प्रवाळ, ऑक्टोपस बघता येतात म्हणे. कुठे आणि कसं जावं?

जामनगरजवळ, कच्छच्या आखातात. १९८२ साली जाहीर झालेलं तिथलं सागरी राष्ट्रीय उद्यान देशातलं पहिलं. ४२ बेटं त्यात येतात. पहिल्या खेपेला नरारा निवडा. तिथे किनाऱ्यावरूनच उतरून चालत जाता येतं, नाव लागत नाही. पिरोटन बेटाला परवानगी आणि बोट दोन्ही जमवावं लागतं.

रेल्वेचं तिकीट काढण्याआधी पंचांग उघडा. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सगळ्यात कमी; पाणी फारसं ओसरतच नाही; एवढ्या दूर जाऊन नुसता चिखल दिसेल. अमावास्या किंवा पौर्णिमेपासून तृतीयेपर्यंतचे दिवस धरा, महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ओहोटी दिवसातून दोनदा येते, त्यातली उजेडातली हवी. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीला पाऊण तासाने गुणून भरती काढायचा कोकणातला हिशोब आखातात चालत नाही. जवळच्या वाडीनार किंवा सिक्का बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रकच बघा.

पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी उतरा, ओसरत्या पाण्यामागे चालत राहा आणि पाणी तळाला पोहोचलं की परत फिरा. इथेच लोक चुकतात. भरतीचं पाणी सहा तासांत सारखं चढत नाही. त्याचे बारा हिस्से केले तर तासागणिक एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे येतात. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी. वैनगंगेचा पूर वरून येताना दिसतो. हे पाणी आधी तुमच्या पाठीमागच्या खोलगट नाल्यांत शिरतं, पुढे सगळं कोरडंच दिसत असतं. वनखात्याकडे नोंद करून वाटाड्या घ्याच.

पायात लेसचे जुने कॅनव्हास बूट घाला. धानाच्या बांधीत चालायची सवय असली तरी अनवाणी नको, खडकाला चिकटलेल्या कालवांच्या (शिंपल्यांच्या) कडा ब्लेडसारख्या कापतात. चप्पल गाळात रुतून बसते, गमबुटात पाणी भरतं. डबक्यातून जाताना पाऊल उचलू नका, घासत न्या, म्हणजे वाळूत दडलेला, शेपटीला विषारी काटा असलेला पाकट मासा आधीच सरकतो. शंकूच्या आकाराचा शंख हातात घेऊ नका, त्यातला जीव विषारी डंख मारतो. प्रत्येकी दोन लिटर पाणी आणि टोपी हवीच.

प्रवाळावर पाय देऊ नका. वाटाड्याने दगड उलटला तर होता तसाच परत ठेवायला लावा. खालच्या बाजूचे जीव उन्हात वाळून मरतात. फुगा मासा फुगवून दाखवतो म्हणाला तर स्पष्ट नको म्हणा, त्यात माशाचा जीव जाऊ शकतो. प्रवाळाचा तुकडाही खिशात घालू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळ ताडोबाच्या वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे.