ऑक्टोबरात वेग घसरला म्हणून शर्यत सोडू नका

डिसेंबरातल्या २१ किलोमीटरच्या शर्यतीची तयारी चालू आहे, ऑक्टोबर लागताच किलोमीटरमागे ४० सेकंद जास्त लागायला लागलेत, पहाटे गजर वाजला की नको वाटतं आणि बरोबरची मंडळी 'इच्छाशक्ती वाढवा' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. हे दुखणं माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. बूट, वॉर्म-अप, आठवड्याला अंतर किती वाढवायचं हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

इच्छाशक्ती तूर्त बाजूला ठेवा. घाम वाळला तरच अंग थंड होतं. पाऊस ओसरल्यावर आपल्या गोव्यातली हवा इतकी दमट असते की घाम नुसता निथळतो. मग अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, पायांच्या वाट्याला कमी येतं आणि त्याच वेगाला नाडी जास्त पडते. पहाटे पाचला तापमान कमी असतं, पण आर्द्रता तेव्हाच सगळ्यात जास्त. तरी पळायचं पहाटेच, कारण ऊन त्याहून वाईट. फक्त हवामानाच्या ॲपवर दवबिंदू (हवेत बाष्प किती आहे ते सांगणारं तापमान) बघा. तो २४ अंशांच्या वर असेल तर त्या दिवशी वेगाचं नाव काढू नका.

माझा खरा राग आहे तो सरावाचे तयार आराखडे विकणाऱ्यांवर. अशाच एका ठिकाणी (नाव घेत नाही) पैसे भरले की पीडीएफ येते: मंगळवारी टेम्पो (सलग जोरात धाव), गुरुवारी इंटरव्हल (मध्ये दम घेत वेगाचे तुकडे), रविवारी लाँग रन (लांब पल्ल्याची धाव), सगळ्याला सेकंदापर्यंत वेग ठरवलेला, तोही थंड कोरड्या हवेतला. गोव्यात काय करायचं विचारलं तर उत्तर एकच, 'आराखडा पाळा'. तो पाळायचा तर हलक्या दिवशीसुद्धा धापा टाकत पळावं लागतं. मग गुरुवारचे इंटरव्हल अर्धवट राहतात, रविवारी पाय जड होतात आणि दोन-तीन आठवड्यांत बूट बघूनच कंटाळा येतो. पैसे गेले ते गेलेच, अख्खा हंगामही गेला.

घड्याळाच्या स्क्रीनवरून वेग काढून टाका, फक्त वेळ आणि नाडी ठेवा. हलकी धाव मिनिटांत मोजा: ४५ मिनिटं, बास. यंदा चवथीला माटोळीत (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या चौकटीत) काय काय बांधलं होतं हे सोबत्याला पूर्ण वाक्यांत सांगता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले तर चाला, त्यात कमीपणा नाही. मनगटावरचं घड्याळ कधी कधी नाडीऐवजी पावलांचा ठेका मोजतं. आरामात पळताना आकडा १७०च्या आसपास अडकून बसला तर त्यावर विसंबू नका. छातीचा पट्टा जास्त भरवशाचा.

दर तीन आठवड्यांनी पणजीतला मिरामार ते दोनापावला हाच पट्टा त्याच वेळी, नाडीची तीच मर्यादा ठेवून पळा. लागलेली वेळ आणि दवबिंदू शेजारी शेजारी लिहा. ऑक्टोबरात आकडा बहुधा हलणार नाही. हवा कोरडी व्हायला लागली की तो खाली येताना दिसेल, आणि गजर बंद न करण्याला तेवढं कारण पुरतं. चढ हवा असेल तर आल्तिनोची टेकडी आहेच. धावा नोंदवायच्या स्ट्राव्हा ॲपवर पुण्या-बंगळुरूच्या मित्रांना मात्र डिसेंबरपर्यंत म्यूट करा, त्यांचे वेग बघून उगाच खट्टू व्हाल.

लाँग रनच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. वाटेत काही प्यायला नसाल तर एक किलोची घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. नुसतं पाणी ढोसू नका, त्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं. मेडिकलमधली डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याची ओआरएस पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवा. खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. घरी आल्यावर उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं, यासारखं दुसरं काही नाही असं माझं मत. (रक्तदाब असेल तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा.)

मी डॉक्टर नाही. पण दोन आठवडे हलकं पळूनही थकवा जात नसेल तर सीबीसीबरोबर (रक्तपेशींची तपासणी) फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या, लोह कमी असेल तर कुठलाच आराखडा चालत नाही. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून थेट डॉक्टरकडे.

आणि बूट भिजले तर आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा, उन्हात नको, तळव्याचा गोंद सुटतो.