सड्यावरचा टॉवर, चिरेबंदी घर आणि तीस हजारांचा ५जी फोन

प्रश्न : गुहागर तालुक्यात किनाऱ्यालगतच्या वाडीत आमचे घर आहे व त्यातील तीन खोल्या आम्ही पर्यटकांना राहण्यास देतो. कमाई ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात जवळजवळ काहीच नाही. आगोटीसाठी, म्हणजे मुख्यतः छपराच्या शाकारणीसाठी, ६०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. माझा ४जी फोन चार वर्षांचा आहे. घरात रेंज नीट मिळत नाही, बुकिंगचे फोन चुकतात आणि पाहुणेही कुरकुर करतात. दुकानदार म्हणतात की ४जी आता बंद होणार. ३०,००० रुपयांचा ५जी फोन बिनव्याजी १२ हप्त्यांवर मिळतो आहे, आणि पुण्यातील मुलगाही तेच सुचवतो. घ्यावा का?

उत्तर : माझ्या मते हा फोन आत्ता, या हप्त्यांवर घेऊ नये. आपली अडचण खरी आहे, परंतु पत्रातील वर्णनावरून ती फोनच्या पिढीपेक्षा घरापर्यंत पोहोचणाऱ्या लहरींची अधिक दिसते, आणि त्यावर याहून स्वस्त उपाय आहे.

प्रथम ‘४जी बंद होणार’ या भीतीविषयी. ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिला मोबाईल कॉल झाला, तेव्हाच्या पिढीचे, म्हणजे २जीचे जाळे काही कंपन्या आजही चालवतात, कारण साध्या बटणांच्या फोनवर बोलणारे ग्राहक अजून कोट्यवधी आहेत. बंद पडली ती मधली पिढी. २०१० साली ज्या ३जीच्या लहरींचा मोठा लिलाव झाला, त्यावरची सेवा एअरटेलने २०२० पर्यंत गुंडाळली, कारण बोलण्यासाठी २जी आणि इंटरनेटसाठी ४जी असताना ३जीला स्वतःचे काम उरले नव्हते. ४जीची स्थिती याच्या उलट आहे. आज बहुतेक स्मार्टफोनांवरील बोलणे ४जीवरूनच होते; १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जी सुरू झाले, तेव्हा एअरटेलने ते आपल्या ४जी जाळ्याच्या आधारावरच उभे केले; आणि बीएसएनएलने तर स्वदेशी बनावटीच्या सुमारे ९७,५०० ४जी टॉवरांचे लोकार्पण सप्टेंबर २०२५ मध्ये केले. ज्या पिढीवर इतका ताजा खर्च झाला आहे, ती आपल्या पुढच्या फोनच्या आयुष्यात तरी बंद पडेल असे मानण्यास आधार नाही.

आता रेंजविषयी. लहरींची वारंवारता (ती मेगाहर्ट्झमध्ये मोजतात) जितकी कमी, तितक्या त्या दूरवर जातात आणि भिंतींतून आत शिरतात. वारंवारता वाढली की माहिती अधिक वाहते, पण पल्ला घटतो व भिंती अडवू लागतात. देशातील ५जीचा मोठा भाग ३,३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे. ७०० मेगाहर्ट्झचा दूर पोहोचणारा पट्टा २०२२ च्या लिलावात खासगी कंपन्यांपैकी केवळ जिओने घेतला. आपल्याकडे टॉवर बहुधा सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, आणि वस्ती खाली नारळी-पोफळीच्या बागांत. मध्ये डोंगराची कड, त्यात घर जांभ्या चिऱ्यांचे आणि भिंती रुंद. अशा घरात ३,३०० मेगाहर्ट्झच्या लहरी ४जीच्या कमी वारंवारतेच्या लहरींपेक्षा सहसा दुबळ्याच पोहोचतात. म्हणजे तीस हजार रुपये देऊन आणलेला फोन अंगणात ५जी दाखवील आणि स्वयंपाकघरात शिरताच पुन्हा त्याच क्षीण ४जीवर येईल, ही शक्यता मोठी आहे. पाहुण्यांची कुरकुर तर त्याने मुळीच थांबणार नाही, कारण त्यांचे फोन त्यांच्याच खिशात असतात.

५जीचा लाभ नाहीच असे मला म्हणायचे नाही. सुट्ट्यांत किंवा ३१ डिसेंबरच्या सुमारास किनारे माणसांनी भरतात, तेव्हा रेंजच्या सर्व रेघा भरलेल्या असूनही ४जी रखडते, कारण एकाच टॉवरवर असंख्य फोन एकाच वेळी भार टाकतात. ५जीची क्षमता अशा गर्दीत उपयोगी पडते. मात्र आपली गरज फोन लागणे, व्हॉट्सअ‍ॅपवर खोल्यांची छायाचित्रे पाठवणे आणि यूपीआयने पैसे घेणे एवढीच आहे, आणि यासाठी चांगले ४जी पुरून उरते. निर्णयापूर्वी एक चाचणी अवश्य करावी. परिचितांपैकी कोणाचा ५जी फोन तासभर मागून त्यात आपले सिम घालावे (जिओ आणि एअरटेलच्या ५जीसाठी ४जी सिम चालते) आणि शनिवारी संध्याकाळी अंगणात, पडवीत व माजघरात वेग तपासावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे ‘मायस्पीड’ हे ॲप त्यासाठी पुरेसे आहे.

‘बिनव्याजी’ या शब्दाबाबत थोडे सविस्तर सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत त्याचाच घोळ सर्वाधिक असतो. शून्य टक्के व्याज असे काही प्रत्यक्षात नसते, ही भूमिका रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळवली होती. क्रेडिट कार्डावर ३०,००० रुपयांचे २,५०० प्रमाणे १२ हप्ते पडतात, तेव्हा वार्षिक १६ टक्के दर धरल्यास बँकेच्या हिशेबात मुद्दल सुमारे २७,५५० आणि व्याज सुमारे २,४५० रुपये असते. तेवढी सूट विक्रेता किंवा उत्पादक कंपनी देते, म्हणून आपल्याला व्याज दिसत नाही. त्या व्याजावरील १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ४४० रुपये, आणि प्रक्रिया शुल्क मात्र आपल्यालाच भरावे लागते. शिवाय रोखीने घेणाऱ्यास मिळू शकणारी सवलत हप्तेवाल्यास बहुधा मिळत नाही.

याहून मोठा मुद्दा वेळेचा आहे. जून ते सप्टेंबर आपली कमाई थांबते, हप्ते थांबत नाहीत. त्या चार महिन्यांचे १०,००० रुपये आगोटीच्या रकमेतूनच जातील, आणि शाकारणी अर्धवट ठेवून फोन घेणे मला कोणत्याही हिशेबात बसवता येत नाही. किनाऱ्यावरील घराला या रकमेची गरज किती असते, हे जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते वादळ पाहिलेल्यांना मी वेगळे सांगण्याचे कारण नाही.

मग काय करावे? वाडीपर्यंत फायबर आले असल्यास घरात तारेचे ब्रॉडबँड घ्यावे. साधी योजना महिना ४०० ते ६०० रुपयांत मिळते, आणि वीज गेल्यावर राउटर काही तास चालवणारा छोटा बॅटरी-संच दीड-दोन हजारांत येतो. आपल्या फोनमध्ये वाय-फाय कॉलिंगची सोय आहे का, ते सेटिंगमध्ये पाहावे. जिओ व एअरटेलने ती २०१९-२० च्या सुमारास सुरू केली आणि चार वर्षांपूर्वीच्या पुष्कळ फोनांत ती असते. ती चालू केली की टॉवरची रेंज नसतानाही घरातील वाय-फायवरून नेहमीच्याच क्रमांकावर फोन येतो व जातो. बुकिंगचे चुकणारे फोन आणि पाहुण्यांची कुरकुर, दोन्ही एकाच खर्चात मिटतात. राउटर बसवणारा ‘५जी वाय-फाय’ म्हणाला तर गोंधळू नये. ती वाय-फायची ५ गिगाहर्ट्झ लहर असून मोबाईलच्या पाचव्या पिढीशी तिचा संबंध नाही, आणि जाड भिंतींच्या घरात २.४ गिगाहर्ट्झची लहरच लांबच्या खोलीपर्यंत नीट पोहोचते. वाऱ्यापावसात झाड पडून तार तुटते, म्हणून मोबाईलचे रिचार्ज मात्र चालू ठेवावे.

फायबर आलेलेच नसेल, तर वर सांगितलेल्या चाचणीला अधिक वजन येते. माजघरात ५जी खरोखर चांगले मिळाले, तर नव्या फोनचा विचार रास्त ठरेल, पण तोही तीस हजारांचा असण्याची गरज नाही.

जुना फोन बदलण्याचे एक सबळ कारण वेगळेच आहे. ज्या फोनला कंपनीकडून सुरक्षा अद्यतने मिळणे थांबले आहे, त्यावर बँकेची व यूपीआयची ॲप चालवणे मला धोक्याचे वाटते. सेटिंगमध्ये शेवटच्या अद्यतनाची तारीख दिसते. ती फार जुनी असेल, तर फोन येत्या वर्षात बदलावाच लागेल असे धरून चालावे. त्यासाठी मेअखेरपर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरपासून दरमहा दोन हजार बाजूला टाकावेत व १२,००० ते १५,००० रुपयांचा ५जी फोन रोखीने घ्यावा. तोपर्यंत चार्जिंग टिकत नसेल, तर अधिकृत सेवा केंद्रात केवळ बॅटरी बदलून घेता येईल.

नवा फोन घेताना तपशिलात एन२८ आणि एन७८ हे दोन्ही पट्टे आहेत ना, हे पाहावे. पहिला ७०० मेगाहर्ट्झचा, दुसरा ३,३०० चा. सड्यावरच्या टॉवरपासून खालच्या वाडीपर्यंत पोहोचण्याची अधिक आशा पहिल्याकडूनच आहे, आणि आपले सिम जिओचे असेल तरच त्याचा उपयोग होईल. सुरक्षा अद्यतने किती वर्षे मिळणार, हेही विकत घेण्यापूर्वीच विचारावे आणि बिल आपल्या नावाने घ्यावे.