ढगाचा फोटो दाखवला की लोक पाऊसच विचारतात

प्रश्न: ताई, मी शेती करतो आणि मोबाईलवर ढगांचे ब्लॅक अँड व्हाईट फोटो काढतो. मृग कोरडा चालला की पोटात जी कालवाकालव होते ती फोटोत यावी असं वाटतं, पण ज्याला दाखवावं तो म्हणतो "पाऊस येतोय का यातनं?" आणि फोटोही सगळे राखाडी, मरगळलेले दिसतात. काय करू?
– एक वाचक, औसा

उत्तर: पावसाचं विचारणारच हो लोक, विचारू द्या. आपल्याकडं पेरणीच्या दिवसात आभाळाकडं नुसतं म्हणून कोण बघतं? ती धाकधूक बघणारा घरूनच घेऊन येतो, तुमचं निम्मं काम तिथंच झालेलं असतं.

आल्फ्रेड स्टिगलिट्झ हा अमेरिकन फोटोग्राफर १९२२ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्ज तळ्याकाठी ढगांचे फोटो काढायला लागला. त्याच्या पोर्ट्रेटमधली ताकद म्हणजे समोरच्या माणसावर त्यानं घातलेली मोहिनी असं कुणीतरी म्हणालं होतं, मग त्यानं विषयच असा धरला की ज्याच्यावर कुणाचीच मोहिनी चालत नाही. पुढं या मालिकेला त्यानं 'इक्विव्हॅलंट्स' (म्हणजे मनातल्या भावनेच्या तोडीचं काही) नाव दिलं, प्रिंट जेमतेम ४ बाय ५ इंचाचे आणि बहुतेकांत जमीनच नाही.

तुम्हीही बांध, लिंब, लाईटचा खांब सगळं फ्रेमच्या बाहेर काढा. जमीन दिसली की माणूस फोटोत हवामान वाचत बसतो, ती गेली की वर कुठलं खाली कुठलं कळत नाही, पाऊस येणार का याचं उत्तर सापडत नाही आणि धाकधूक तेवढी उरते, तुम्हाला तीच तर पायजे ना.

राखाडीचं कारण असं की निळं आभाळ आणि पांढरा ढग काळ्या-पांढऱ्यात जवळजवळ एका टोनचे होऊन बसतात. फोटो रंगीत काढा, अ‍ॅपमध्ये ब्लॅक अँड व्हाईट करा आणि निळ्याचा स्लायडर खाली ओढा, आभाळ काळवंडतं आणि ढग उठून येतो (फिल्मवर लाल फिल्टर लावायचे ते याचसाठी). गच्च भरलेल्या आभाळात मात्र निळं नसतंच, तिथं ढगाच्या कडेनं उजेड फुटेपर्यंत थांबावंच लागतं. काढताना ढगाच्या सगळ्यात पांढऱ्या जागी बोट दाबून ब्राइटनेस कमी करा, ती जागा एकदा जळाली (म्हणजे नुसती पांढरीफटक झाली) की नंतर कशानंच परत येत नाही.

आणि एकटा फोटो नका दाखवू, चार-पाच ओळीनं लावा, भरून आलेलं, मग फाटलेलं, मग कोरडं ठणठणीत. खाली 'बळीराजाची व्यथा' असलं कॅप्शन तेवढं टाकू नका, प्लीज.