इसार देऊन झाला, पण लीगचा शेअर कुणाच्या नावावर?

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका कोल्हापूरकर वाचकाचे पत्र आले आहे. लीग वनमधला, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या पातळीवरचा, एक क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे दिवाळखोरीतल्या कंपनीसाठी नेमलेल्या प्रशासकाच्या ताब्यात, गेला आणि चौघा मित्रांनी मिळून तो घ्यायचे ठरवले. आठ आठवडे दुसऱ्या कुणाशी बोलणी करणार नाही, असे पत्र अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने दिले. त्या बदल्यात यांनी परत न मिळण्याच्या अटीवर अडीच लाख पौंडांचा इसार भरला. आता पाच आठवडे उलटले, लीगकडून काही कळत नाही आणि कोल्हापुरातला धाकटा भाऊ विचारतोय, पैसे कधी पाठवू? अशी पत्रे मला नेहमी येतात. कुणी हॉटेल घेत असतो, कुणी बंद कारखाना, पण चूक तीच: आधी इसार, मग वकील.

क्लब का बुडाला, लीगने त्याचे बारा गुण का कापले, हे तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहे. तुम्ही पाठवलेल्या कागदात मला एकच कलम महत्त्वाचे वाटते, सातवे. ठरलेल्या तारखेला पूर्ण रक्कम भरली नाही तर इसार जप्त, एवढेच त्यात आहे. लीगच्या संमतीचा उल्लेखही नाही. सही करण्यापूर्वी हे पान कुणाला दाखवले असते, तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

इंग्लिश फुटबॉल लीगमधल्या प्रत्येक क्लबकडे लीग कंपनीचा एक शेअर असतो. लीगमध्ये खेळण्याचा हक्क आणि टीव्हीच्या पैशातला वाटा त्या शेअरवर अवलंबून. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर तुम्हाला क्लबचे नाव विकेल, मैदान क्लबचे असेल तर तेही विकेल. शेअर मात्र तुमच्या नव्या कंपनीच्या नावे करायचा की नाही, हे लीग ठरवते. २०१२ च्या जूनमध्ये ग्लासगोच्या रेंजर्स या स्कॉटिश क्लबची मालमत्ता, आयब्रॉक्स मैदानासकट, ५५ लाख पौंडांना विकली गेली. जुलैमध्ये स्कॉटिश प्रीमियर लीगच्या क्लबांनी नव्या कंपनीला शेअर द्यायला नकार दिला आणि त्या संघाला चौथ्या पातळीवरून सुरुवात करावी लागली. अनेक खेळाडूंनी नव्या कंपनीत जायचे नाकारले, तेही हातचे गेले. ‘बरी’ नावाच्या इंग्लिश क्लबचे उदाहरण तर याहून वाईट. १८८५ सालचा क्लब, २०१९ मध्ये वरच्या श्रेणीत गेलेला, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लीगने त्याचे सभासदत्व काढून घेतले. मैदान जागेवर होते, प्रेक्षकही होते, फक्त खेळायला लीग उरली नव्हती.

लीगच्या अटी कडक आहेत. इतर क्लबांकडून घेतलेल्या खेळाडूंची (ट्रान्सफरची) देणी आणि खेळाडूंचे थकलेले पगार पूर्ण फेडायचे. उरलेल्या विनातारण धनकोंना पौंडामागे किमान २५ पेन्स लगेच किंवा तीन वर्षांत ३५ पेन्स द्यायचे, नाहीतर आणखी १५ गुण जातात. खेळाडूंना पूर्ण पैसे आणि गावातल्या छपाईवाल्याला चतकोर, हा न्याय मला कधीच पटलेला नाही. तिथल्या करखात्याने त्याविरुद्ध कोर्टात दाद मागितली होती, २०१२ मध्ये ते हरले. मात्र १ डिसेंबर २०२० पासून व्हॅट आणि पगारातून कापलेला कर यांना विनातारण धनकोंच्या आधी जागा मिळाली आहे. त्यामुळे तुमच्या चौघांचा हिशेब जुन्या आकड्यांवर बेतलेला असेल, तर तो नव्याने मांडा.

आता करायचे काय? उरलेल्या तीन आठवड्यांत सातवे कलम बदलून घ्या. तिथल्या सॉलिसिटरकडून साधारण असा मजकूर घालून घ्या: ‘शेअर खरेदीदार कंपनीच्या नावे करण्यास लीगने लेखी संमती दिल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत व्यवहार पूर्ण होईल, खरेदीदाराची कसूर नसताना अंतिम तारखेपर्यंत संमती न मिळाल्यास इसार परत केला जाईल.’ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर फुकट ऐकणार नाही. त्याला दर महिन्याला पगार भागवायची चिंता असते. पुढचा पगार आम्ही कर्जाने देतो, ते अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा खर्च म्हणून आधी फेडायचे, असा प्रस्ताव ठेवून पाहा. तो मानेलच, असे मी म्हणत नाही. पण खरेदीनंतर त्याच्यावर दावा ठोकू, या भ्रमात राहू नका. अशी विक्री ‘जसे आहे, जिथे आहे’ तत्त्वावर होते, तो कसलीही हमी देत नाही.

तीन आठवड्यांत लीग निर्णय देईल, अशी आशाही धरू नका. डर्बी काउंटी हा क्लब सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला. एक पसंतीचा खरेदीदार ठरला, त्याचे पैसे आलेच नाहीत आणि शेवटी १ जुलै २०२२ ला डेव्हिड क्लोव्ज यांनी क्लब घेतला. तिथे मैदान वेगळ्या कंपनीच्या नावावर होते. तुमचे कुणाच्या नावावर आहे, हे लँड रजिस्ट्रीतून, म्हणजे तिथल्या जमीन नोंदणी दप्तरातून, काढा. पत्रात तुम्ही त्याबद्दल चकार शब्द लिहिलेला नाही.

मालकांच्या पात्रतेबद्दल मी सावधपणे बोलतो. २०२५ च्या कायद्याने स्वतंत्र फुटबॉल नियामक आला आहे आणि त्याचे अधिकार टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तुमची तपासणी लीग करणार की नियामक, हे दोघांकडून लेखी मागवा.

राहिला भाऊ. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, पण परदेशी कंपनीला कर्ज म्हणून नाही. शेअर घेतो म्हटले, तर आधी बँकेमार्फत फॉर्म एफसी हा परदेशी गुंतवणुकीचा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागेल. तुमच्या नव्या कंपनीखाली उपकंपन्या असतील, तर तेही जमेल की नाही, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. सातवे कलम बदलल्याची सही झालेली प्रत हातात येईपर्यंत त्याला एक रुपयाही पाठवू देऊ नका.